लायसन्स माफ आहे, परवानगी माफ नाही : नागपुरात छतावर ड्रोन उडवण्याआधी

“अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, याला काहीच लागत नाही.” मे महिना लागला आणि पावसाआधी छताची डागडुजी करायची घाई सुरू झाली, की नागपुरात हे वाक्य कुठे ना कुठे कानावर पडतंच. लग्नाचं शूटिंग करणारा म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, पुण्याहून सुट्टीत आलेला भाचाही म्हणतो. वाक्याचा पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसऱ्यात दोन निराळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. उडवणाऱ्याकडे सर्टिफिकेट लागतं का, हा एक प्रश्न. त्या ठिकाणी उडवायला परवानगी लागते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ड्रोनचं वजन आणि कामाचा हेतू यांवर ठरतं, दुसऱ्याचं तुमचं घर कुठे आहे यावर. सायकलला लायसन्स लागत नाही, म्हणून ती कुणी सोनेगावच्या धावपट्टीवर नेत नाही.

आधी सर्टिफिकेटचं बघू, कारण ते सोपं आहे. देशात सध्या लागू असलेले ड्रोन नियम २०२१ च्या ऑगस्टमधले आहेत, नंतर त्यांत थोड्या दुरुस्त्या झाल्या. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रोला लागतं, पण व्यावसायिक काम असेल तरच. म्हणजे आठ-नऊशे ग्रॅमचा ड्रोन तुमचा स्वतःचा असेल आणि तुम्ही स्वतःच्याच घराची कवेलू बघत असाल, तर सर्टिफिकेट नको. तोच ड्रोन, तेच छत, पण पैसे घेऊन दुसरा कुणी बघणार असेल, तर त्याच्याकडे डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन मिळालेलं सर्टिफिकेट हवं. ते मिळायला वय १८ ते ६५ आणि दहावी पास एवढी अट आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पुष्कळ जणांकडे ते नसतं आणि विचारल्यावर “नॅनो आहे” असं उत्तर येतं, हे मी फार वेळा ऐकलंय.

नॅनो आहे का, हे मात्र तराजूवर बघावं. नियमात मोजतात ते उडतानाचं एकूण वजन, खोक्यावर छापलेलं नव्हे. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी लावली की तो २५० च्या पुढे जातो. पंख्यांभोवती संरक्षक कडी लावली तरी जातो. यातली गंमत अशी, की भिंतीजवळ, छज्ज्याखाली, टाकीच्या आडोशाला उडवताना ती कडी लावणंच शहाणपणाचं असतं. सुरक्षेसाठी काही ग्रॅम वाढवले की कायद्यात ड्रोनचा वर्ग बदलतो, आणि वर्ग बदलला की विम्याचाही प्रश्न येतो. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा फक्त नॅनोला माफ आहे. शेजारच्या सोलर पॅनेलवर मायक्रो आदळला, तर मोटारगाडीच्या अपघातात भरपाईचं जे तत्त्व लागू होतं तेच इथे लागू होतं. ड्रोनला नोंदणी क्रमांकही लागतो. त्याची फी १०० रुपये, त्यामुळे खर्चाचं कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुबईच्या नातेवाइकाने बॅगेतून आणलेल्या ड्रोनची गोष्ट आणखी वेगळी. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

आता परवानगी. नागपूरकरांची खरी अडचण इथेच आहे.

नियमांनी आकाशाचे तीन भाग केले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं आकाश २०० फुटांवरच संपतं. ८ किलोमीटरच्या आत तर हिरवं आकाशच नसतं, परवानगी जमिनीपासूनच लागते. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. “मी काय विमानाच्या उंचीवर नेतोय का, दोन मजल्यांच्या वर जरा पाहतो” हा युक्तिवाद तिथेच कोसळतो. दुमजली घर तीस-पस्तीस फुटांचं. त्याच्या वर दहा फूट उडवलं काय आणि अंगणात कमरेएवढ्या उंचीवर उडवलं काय, दोन्हीला परवानगी हवी. प्लॉट तुमचा, रजिस्ट्री तुमच्या नावावर, पण त्यावरच्या हवेला विमान वाहतुकीचा कायदा लागतो.

आपलं विमानतळ शहराला खेटून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ कागदावर सोनेगावचं; प्रत्यक्षात खामला, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, जयताळा ही सगळी त्याची शेजारपाजारची वस्ती. अंतर मोजायचं ते हद्दीच्या भिंतीपासून, टर्मिनलच्या दारापासून नाही. असं मोजलं की धरमपेठ आणि सीताबर्डीही ८ किलोमीटरच्या आत येतात. महाल, सदर, नंदनवन ही मंडळी काठावर आहेत. तिथे अंदाज करू नये, डीजीसीएच्या ड्रोन नकाशात आपला प्लॉट शोधून रंग बघावा. कामठी विमानतळापासून लांब आहे, पण तिथे छावणी आहे. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, अंबाझरीला दारूगोळ्याचा कारखाना. अशा ठिकाणांच्या आसपास घर असेल तर नकाशा बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा चार्ज करू नये.

नकाशाचा रंग हिरवा निघाला तरी पोलिसांचा मनाई आदेश वेगळा असू शकतो. २०२४ च्या सुरुवातीला महालातल्या संघ मुख्यालयाच्या परिसरात चित्रीकरणाला आणि ड्रोनला बंदी घालणारा आदेश निघाला होता. डिसेंबरात विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हाही बंदोबस्ताच्या काळातले आदेश वाचून घ्यावेत. असा आदेश मोडला तर प्रकरण ड्रोन नियमांच्या दंडापुरतं राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. ड्रोन नियमांतला दंडही १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मग “काहीच लागत नाही” हे आलं कुठून? मला वाटतं, ते जुन्या नियमांतून उरलेलं आहे. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत नॅनो ड्रोनला ५० फुटांच्या खाली बरीच सूट होती. लोकांच्या लक्षात ५० फूट राहिले. ती सूट विमानतळाच्या नियंत्रणाबाहेरच्या हवेसाठी होती, हे विसरलं गेलं. पुढे ते नियमच बदलले, तरी तेव्हाचे व्हिडिओ अजून फिरतात आणि दुकानदार तेच ऐकवतात.

थोडक्यात, खामल्यातल्या माणसाकडे २४९ ग्रॅमचा ड्रोन असेल तर त्याला सर्टिफिकेट नको, पण परवानगी हवी. उमरेडच्या बाजूला हिरव्या भागात एखादा पैसे घेऊन ९०० ग्रॅमच्या ड्रोनने गोदामाचं टिनाचं छत तपासत असेल, तर त्याला परवानगी नको, पण सर्टिफिकेट, नोंदणी आणि विमा हवा. दोघंही एकमेकांचं उदाहरण देऊन आपण बरोबर असल्याचं सांगतात, आणि दोघंही चुकलेले असतात.

कागद जुळले तरी उडवणं सुरक्षित आहे का, हा नागपुरात हवामानाचा प्रश्न आहे. घराघरांत वापरतात त्या छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत कामाची कमाल मर्यादा बहुतेक वेळा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते. मेमध्ये आपला पारा ४४-४५ वर असतो, आणि तो आकडा सावलीतला. तापलेल्या स्लॅबच्या वर दोन फुटांवर काय असेल ते वेगळं सांगायला नको. बॅटरी गरम झाली की ड्रोन मध्येच खाली उतरायला बघतो, आणि खाली नेमकी शेजाऱ्याची कूलरची टाकी असते. म्हणून उडवायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आत. पण त्याच पहाटे निम्मी गल्ली गच्चीवर मच्छरदाणीत झोपलेली असते. तुमच्या कॅमेऱ्यात शेजारची गच्ची येणारच, आणि झोपलेल्या बायाबापड्यांच्या डोक्यावर घोंघावणारं यंत्र कुणालाच आवडत नाही. कपडे बदलणाऱ्या किंवा तशाच खासगी क्षणातल्या बाईचं चित्रण झालं तर न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. यावर माझं मत असं : आदल्या संध्याकाळी चारही बाजूंच्या घरांना सांगावं, नेमकी वेळ द्यावी, कॅमेरा खाली आपल्याच छताकडे ठेवावा आणि फोटो शेजाऱ्यांनी मागितले तर दाखवावेत. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही, पण वस्तीत राहायचं आहे.

जानेवारीत हवा छान असते, म्हणून तेव्हा उडवू म्हणाल तर संक्रांतीचा मांजा आहे. नायलॉन मांजावर बंदी आहे, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्यावर वारंवार कानउघाडणी केली आहे, तरी विजेच्या तारांना, झाडांना तो महिनोन्महिने लटकलेला असतो. ड्रोनच्या पंख्यात तो अडकला की ड्रोन सरळ खाली. घारींचंही लक्ष असतं. घिरट्या घालणारी घार दिसली तर ड्रोन शांतपणे खाली आणावा, तिच्याशी शर्यत लावू नये. जुन्या वस्त्यांत महावितरणच्या तारा गच्चीच्या इतक्या जवळून गेलेल्या असतात की तिथे ड्रोनचा विचारच सोडावा.

दोन तांत्रिक गोष्टी फार कमी जण सांगतात. एक, आरसीसी स्लॅबवरून ड्रोन उडवू नका. आतल्या लोखंडी सळयांमुळे कंपास बिघडतो. अंगणातून उडवा, नाहीतर लाकडी टेबलावरून. दुसरी, सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर जातो आणि मग परततो. ती उंची शेजारच्या इमारतीपेक्षा आणि मोबाइल टॉवरपेक्षा जास्त हवी, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात असाल तर २०० फुटांच्या आत. कंपनीने दिलेला आकडा तसाच ठेवणारे लोक इथेच फसतात. सोलर पॅनेलच्या चकाकत्या पृष्ठभागावर खालचे सेन्सर गोंधळतात, तिथे थोडी उंची ठेवावी.

हे सगळं करून बघायचं काय? सपाट स्लॅब असेल आणि जिना वरपर्यंत जात असेल, तर ड्रोनची गरजच नाही. चढून बघा. पॅरापेटच्या आतल्या कोपऱ्यातली भेग, कूलरच्या स्टँडखाली वर्षानुवर्षं ठिबकलेल्या पाण्याचा पांढरा डाग, पाइपच्या तोंडाशी तुंबलेली पानं, हे सगळं दोन पायांवर उभं राहून जास्त चांगलं दिसतं. ड्रोनचा खरा उपयोग उतरत्या कवेलूंवर, जिथे पाय ठेवला की दोन कवेलू फुटतात. गंजलेल्या टिनावर, जिथे माणूस आत पडू शकतो. जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर, आणि पॅरापेटच्या बाहेरच्या बाजूवर. सरकलेलं कवेलू, निघालेला स्क्रू, फुटलेली वळचण हे फोटोत स्पष्ट कळतं. स्लॅबच्या आत ओल कुठून शिरते ते साध्या कॅमेऱ्याला कळत नाही. थर्मल कॅमेराही पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो, आणि तो वाचायला सराव लागतो. गळती शोधायची असेल तर गच्चीची नळी बंद करून पाणी साठवून ठेवण्याची जुनी चाचणीच अजून खात्रीची आहे.

पिवळ्या भागात राहणाऱ्याने एका छतासाठी परवानगीच्या मागे लागावं का? माझ्या मते बहुतेकांनी लागू नये. रंगकामाच्या लांब दांड्याला मोबाइल बांधून व्हिडिओ घेतला तर कवेलूंची पहिली तपासणी होते. त्याला ना सर्टिफिकेट लागतं, ना नियंत्रण कक्ष. छत मोठं असेल, सोसायटी असेल, तर नोंदणीकृत ऑपरेटरला बोलवा आणि आधी त्याच्याकडून चार गोष्टी मागा : ड्रोनचा नोंदणी क्रमांक, त्याचं सर्टिफिकेट, तिऱ्हाइताच्या विम्याची पॉलिसी आणि तुमच्या पत्त्याची, त्या तारखेची परवानगी. नॅनो घेऊन आला तर पहिल्या तिन्हींवर तो कदाचित वाद घालेल. चौथीवर घालू देऊ नका. आणि फोटो हातात आल्यावर मिस्त्रीला वर चढवाल तेव्हा त्याच्या कमरेला पट्टा आणि दोर आहे, एवढं बघा. प्लास्टर पोकळ झालंय का ते शेवटी हातोडीने ठोकूनच कळतं.