कुर्लीची नांगी आणि क्लेअरचं बोट

'हीरोज' ही अमेरिकी मालिका २००६ साली सुरू झाली आणि २०१० पर्यंत चालली. तिच्यातली माणसं अगदी साधी आहेत. कोणी टोकियोतल्या कचेरीत संगणकापुढे बसणारा, कोणी नर्स, कोणी पोलीस, कोणी शाळकरी मुलगी. एके दिवशी त्यांना कळतं की आपण उडू शकतो, काळ थांबवू शकतो, दुसऱ्याच्या मनातलं ऐकू शकतो. यामागे जनुकं आणि उत्क्रांती आहे, असं मोहिंदर सुरेश हा चेन्नईचा जनुकशास्त्रज्ञ सांगतो. यातली क्लेअर बेनेट ही शाळकरी मुलगी सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्या जखमा क्षणात भरून येतात. दुसऱ्या पर्वात ती स्वतःच्या पायाचं बोट कापते आणि ते डोळ्यांदेखत परत उगवतं.

काळ थांबवण्याबद्दल जीवशास्त्राला काही बोलता येत नाही. क्लेअरच्या बोटाबद्दल मात्र भरपूर बोलता येतं, कारण तुटलेला अवयव परत उगवणं निसर्गात खरोखर घडतं. कोकणात तर ते भरती-ओहोटीइतकं नेहमीचं आहे. आचऱ्याच्या किंवा दाभोळच्या खाडीत, खारफुटीच्या मुळांखालच्या बिळात बसलेली कुर्ली, म्हणजे खेकडा, हेच करत असते. फरक वेळेचा आणि मालाचा. माणसाची पेशी प्रयोगशाळेत उत्तम पोसली, तरी एकीच्या दोन व्हायला तिला साधारण एक दिवस लागतो. शिवाय नव्या बोटाची प्रथिनं, चुना, पाणी हे सगळं कुठून तरी यावं लागतं. मालिकेने नेमका हाच भाग गाळला आहे, आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो.

सुरुवात तोडण्यापासून करू. खेकड्याचा पाय ओढून निघतो असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक वेळा खेकडा तो स्वतः सोडतो. पायाच्या बुडाशी, दुसऱ्या आणि तिसऱ्या पेराच्या जोडावर, कवचात एक बारीक खाच गोल फिरलेली असते. शत्रूने पाय पकडला की तिथला स्नायू जोरात आकसतो आणि पाय नेमका त्या खाचेवर तुटतो. आतल्या बाजूला एक पडदा आधीपासूनच ताणलेला असतो. त्यात नस आणि रक्तवाहिनी जाण्यापुरतं भोक असतं आणि ते लगेच बंद होतं. म्हणून रक्त फारसं जात नाही. हे रक्त लाल नसतं. त्यात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, त्यामुळे प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसतं.

तुटल्या जागी खपली धरते. खपलीखाली कवचाखालच्या त्वचेच्या पेशी सरकत येतात, विभागू लागतात आणि काही दिवसांत एक अंकुर वर येतो. या अंकुरात पायाची सगळी पेरं तयार होतात, पण अगदी लहान आणि मिटलेल्या छत्रीसारखी घडी घातलेली. त्यांच्यावर पातळ पिशवी असते. इथवर आलं की वाढ थांबते. अंकुर कितीही तयार असला, तरी बाहेरचं कवच ताठ आहे, आणि कवच टाकल्याशिवाय खेकड्याला एक सूतही वाढता येत नाही. पाय परत यायचा, तर आधी कात टाकली पाहिजे.

कात कधी टाकायची हे ठरवणारी यंत्रणा थोडी किचकट आहे, पण तिच्यावर थांबायलाच हवं. खेकड्याच्या डोळ्यांच्या देठात 'एक्स-अवयव' नावाचा चेतापेशींचा पुंजका असतो. तो सतत 'आत्ता नको' असा रासायनिक निरोप पाठवत असतो. शरीरात पुढच्या बाजूला 'वाय-अवयव' असतो. तो कात टाकायला लावणारं एकडायसोन हे संप्रेरक बनवतो, पण डोळ्यांकडचा निरोप येतो आहे तोवर फार थोडं. निरोप ओसरला की एकडायसोन वाढतं, थांबलेला अंकुर पुन्हा वाढू लागतो, जुन्या कवचातला चुना थोडा शोषला जातो आणि त्याखाली नवं मऊ कवच तयार होतं. नांगीतला स्नायूही बराच झिजवला जातो, नाहीतर एवढी जाड नांगी त्या चिंचोळ्या सांध्यातून बाहेर येणारच नाही!

गंमत अशी की अंकुरही उलट निरोप पाठवतात. डोरोथी स्किनर या अमेरिकी संशोधिकेने १९७० मध्ये जमिनीवरच्या खेकड्यांत दाखवलं की एकदम बरेच पाय गेले, तर खेकडा ठरल्या वेळेच्या आधीच कात टाकायच्या तयारीला लागतो. उलट तयारी सुरू झाल्यावर, एका ठरावीक टप्प्याच्या आत, वाढते अंकुर काढले तर ती तयारी थबकते. नवे अंकुर फुटून बरोबरीला येईपर्यंत शरीर वाट बघतं. म्हणजे कात टाकायची वेळ ठरवताना पायांचाही हिशोब धरला जातो. कात पडते, खेकडा पाणी पिऊन फुगतो, रक्ताच्या दाबाने घडी उलगडते आणि नवा पाय बाहेर येतो. तो आधीच्यापेक्षा लहानच असतो. मूळ मापाला पोचायला आणखी दोनेक काती तरी जातात.

या सगळ्याची किंमत मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या बाजारात दिसते. कोळीण कुर्ली उलटी करून पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबते. दबली तर ती पोकळ. पोकळ कुर्ली बहुधा नुकतीच कात टाकलेली असते. आत मांस कमी, पाणी जास्त. खेकड्यांच्या शेतीत अशी मऊ कुर्ली जाळीच्या कुंपणात इतरांबरोबर राहिली, तर बाकीच्या कुर्ल्याच तिला खातात. नवा पाय मिळवायचा, तर कुर्लीला काही दिवस बिनचिलखताचं जगावं लागतं.

'हीरोज'मधली एक गोष्ट मला मनापासून खटकते. तिथे सूर्यग्रहणाचा संबंध शक्तींशी जोडला आहे, आणि तिसऱ्या पर्वात तर ग्रहणात सगळ्यांच्या शक्ती जातात. करमणूक म्हणून चालेल, पण आपल्याकडे हे खरं मानणारे लोक आहेत. २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण कोकणात खंडग्रास दिसलं. अशा दिवशी गरोदर बाईला विळी-सुरीला हात लावू देत नाहीत, का तर बाळाचा ओठ फाटेल. बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच, चेहऱ्याचे वेगवेगळे भाग जुळून, तयार होतो. ते जुळणं अपुरं राहिलं तर ओठ दुभंगलेला राहतो. त्यामागे आनुवंशिक कारणं असतात, काही औषधं असतात, धूम्रपान असतं. चंद्राची सावली त्यात कुठेही येत नाही. सातव्या महिन्यातल्या बाईला ग्रहणात उपाशी कोंडून ठेवणं हा तिच्यावर निव्वळ अन्याय आहे.

मग आपल्याला कुर्लीसारखं का जमत नाही? आपलं शरीर जखम आधी घाईने बंद करतं. कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन भरतं, व्रण उरतो आणि खाली अंकुर धरायला जागाच राहत नाही. तरी थोडी शक्ती आपल्यातही आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरांनी १९७४ मध्ये नोंदवलं की लहान मुलांच्या बोटाचं टोक दारात चिरडून तुटलं आणि जखम शिवून न टाकता नुसती झाकून ठेवली, तर टोक नखासकट परत वाढू शकतं. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत या वाढीची सूत्रं नखाच्या मुळाशी असलेल्या मूळपेशींकडे सापडली. नख गेलं, तर ही वाढही गेली. अर्थात पोराचं बोट दारात सापडलं, तर घरी प्रयोग करू नयेत, डॉक्टरकडेच न्यावं.

आणि परत उगवलेलं सगळं जुन्यासारखंच असतं असंही नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलावर एकच भलीमोठी नांगी वरखाली हलवणारे इवलेसे खेकडे दिसतात. ते नर. त्यांच्यातल्या एका जातीवर पॅट्रिशिया बॅकवेल या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० साली निबंध प्रसिद्ध केला. ही जात भारताच्या किनाऱ्यावरही आहे. मोठी नांगी तुटली की नराला दुसरी येते. ती लांबीला तेवढीच दिसते, पण हलकी आणि पकडीला कच्ची असते. मात्र तो ती पूर्वीच्याच ऐटीत हलवतो, आणि समोरच्या नराला किंवा मादीला त्यातला फरक ओळखता येत नाही.