प्रदीप्ती, महाकाय कृष्णविवरांची

दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेल्या महाकाय कृष्णविवरांच्या परिसरातून येणाऱ्या प्रारणात अचानक होणारी वाढ. हे प्रारण कृष्णविवरातून नव्हे, तर त्याभोवती घिरट्या घालणाऱ्या तप्त वायूतून येते. 'भडका' हा शब्दही वापरला जातो. पण येथे काहीच जळत नसल्यामुळे तो या नोंदीत टाळला आहे.

सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आकाशगंगेच्या केंद्रातील धनु ए-स्टार हे कृष्णविवर होय (वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट, अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षे). मूळ व पूर्वाषाढा यांच्या दरम्यान, किंचित उत्तरेस असलेले हे स्थान नागपूरहून पाहता दक्षिण क्षितिजावर सुमारे ४० अंश उंचीवर याम्योत्तर (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते. ते मध्यरात्री तेथे येते तो काळ नेमका मृगाचा. आभाळ निरभ्र असले तरी वाटेतील धुळीमुळे दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून निरीक्षणे क्ष-किरण, अवरक्त व रेडिओ तरंगांत होतात. चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण वेधशाळेने २००० मध्ये येथील क्ष-किरण प्रदीप्ती प्रथम टिपली. मे २०१९ मध्ये अवरक्त तेजस्वितेत सुमारे दोन तासांत ७५ पट फरक पडल्याचे केक दुर्बिणीतून आढळले.

कारणाबाबत मतभेद आहेत. बहुतेकांचा कल चुंबकीय पुनर्जोडणीकडे आहे: वायूबरोबर आत ओढल्या गेलेल्या बलरेषा पिळवटतात, विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींना भिडून तुटतात व नव्याने जुळतात, आणि मोकळ्या झालेल्या ऊर्जेने वेगवान झालेले इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे प्रारण) सोडतात. २०१८ मध्ये ग्रॅव्हिटी या अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या उपकरणाने तीन प्रदीप्तींच्या वेळी प्रकाशबिंदू स्वतःच सरकत असल्याचे टिपले. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, प्रकाशवेगाच्या सुमारे ३० टक्के वेगाने, पाऊण तासाच्या आसपास एक फेरी पुरी करीत होता. ध्रुवणाची (प्रकाशतरंगांच्या कंपनाची) दिशाही त्याबरोबर फिरत होती, ही बाब प्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या बाजूने जाते. लघुग्रह फुटून वायूत भस्म होतात हे पर्यायी मत मांडले गेले आहे. परंतु फिरत्या बिंदूचा व ध्रुवणाचा मेळ पुनर्जोडणीशी अधिक सहज बसतो. २०१९ च्या तेजस्वितेचा संबंध या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या एस-२ ताऱ्याच्या २०१८ मधील समीप फेरीशी जोडला गेला, तो मात्र सर्वमान्य नाही.

महिनोन्‌महिने टिकणारी प्रदीप्ती वेगळी. कृष्णविवराच्या फार जवळ आलेला तारा भरती-बलाने (जवळच्या व दूरच्या बाजूंवरील गुरुत्वाकर्षणाच्या फरकाने) फाटतो, त्याचे सुमारे निम्मे द्रव्य परत खेचले जाते आणि तेज हळूहळू ओसरते. कृष्णविवर सूर्याच्या सुमारे १० कोटी पटींहून जड असल्यास सूर्यासारखा तारा बहुधा न फाटताच गिळला जातो व प्रदीप्ती दिसत नाही.