कुत्र्याला थंडी खालून लागते

ठमी रात्रीतून तीनदा जागा बदलते, हे मागच्या डिसेंबरात माझ्या लक्षात आलं. आधी दाराजवळच्या शहाबादी फरशीवर, मग पायपुसण्यावर आणि पहाटे पाहावं तर चपलांच्या ढिगावर अंगाचं मुटकुळं करून. आमची ही गावठी कुत्री आता बारा वर्षांची आहे. अंगात स्वेटर होताच. मग तिला थंडी वाजत होती कुठून?

कुत्र्याचे केस ऊब तयार करत नाहीत, ते हवा अडवून धरतात. ही अडकलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. पण पोटाकडचे केस विरळ असतात, आणि कुत्रं आडवं झालं की अंगाखालचे केस दबून त्यातली हवाही निघून जाते. खाली दगडी फरशी असेल तर ती अंगातली उष्णता रात्रभर ओढत राहते. मे महिन्यात ठमी याच फरशीवर चारी पाय पसरून पोट टेकवते, तेव्हा तिला नेमकं हेच हवं असतं. स्वेटर झाकतो ती पाठ, जिथे दाट केस आधीच असतात.

म्हणून मी वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर गोणपाट आणि त्यावर आईची जुनी गोधडी घातली. गोधडीचं काम केसांसारखंच, थराथरांत हवा धरून ठेवण्याचं. त्या रात्री ठमी उठली नाही. बाहेरच्या कुत्र्यांसाठी मात्र गोधडीपेक्षा भाताचा पेंढा चांगला, कारण कापड दव पिऊन ओलं होतं आणि ओलं कापड उलट गारवाच देतं. कोरडा पेंढा मावळ-मुळशीकडे सहज मिळतो.

‘पुण्यात कसली थंडी?’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते : १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचं किमान तापमान १.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. एरवीही पारा दहाच्या खाली जातोच. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि गार, जड हवा सखल मोकळ्या भागात साचते. म्हणून पाषाणची पहाट कोरेगाव पार्कपेक्षा बोचरी असते. मात्र दुपारी तोच पारा तिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तेव्हा पहाटे घातलेला स्वेटर ऊन चढलं की आठवणीने काढायलाच हवा.

बुटांवर मात्र पैसे घालवू नका. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याच्या तळव्यात धमन्या आणि शिरा अगदी लगटून असतात. खाली येणारं गरम रक्त वर जाणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, त्यामुळे पंजा गार पडला तरी शरीर गार पडत नाही. पुण्याच्या थंडीला ही सोय पुरून उरते.

अंघोळ दुपारीच घाला आणि कातडीपर्यंत कोरडं करा, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हातारी कुत्री, पगसारखी लहान चणीची आणि कारवानसारखी सडपातळ, आखूड केसांची कुत्री लवकर गारठतात. सांधे आखडले म्हणून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. ते ९९ च्या खाली गेलं, किंवा थरथरणारं कुत्रं गरम न होताच थरथरायचं थांबून मलूल झालं, तर लगेच डॉक्टर गाठा. थरथर थांबणं हे तिथे बरं वाटल्याचं लक्षण नसतं, शरीराची ताकद संपल्याचं असतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पिल्लांची. रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक दिवाळीच्या मागेपुढे वितात, म्हणजे पिल्लं जगात येतात ती ऐन थंडीत. पहिल्या आठवड्यात त्यांना थरथरून ऊब निर्माण करताच येत नाही. आईचं पोट आणि भावंडांचा ढीग एवढीच त्यांची शेकोटी. गारठलेलं पिल्लू सापडलं की आपण मायेने कोमट दूध घेऊन धावतो, आणि नेमकं तिथेच चुकतं. थंड पडलेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं, गिळणंही नीट होत नाही, त्यामुळे दूध पचत तर नाहीच, फुप्फुसात जाण्याची भीती असते. आधी त्याला छातीशी धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. घाई न करता सावकाश ऊब येऊ द्या. ते हालचाल करून तोंडाने आचळ शोधायला लागलं की मग दूध. आई आसपास असेल तर पिल्लू तिच्याकडेच परत ठेवा, फक्त खाली पेंढा आणि आडोशाला खोका द्या.

थोडी मोठी झालेली पिल्लं ऊब शोधत नुकत्याच थांबलेल्या गाड्यांखाली शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि वाकून चाकांमागे पाहा.