कॅरिओल हॉर्न आणि ‘हस्तक्षेपाचे कर्तव्य’ : बफलोतील कायद्याची पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहराच्या पोलीस दलातून २००८ मध्ये बडतर्फ झालेल्या कॅरिओल हॉर्न यांना राज्य न्यायालयाचे न्यायाधीश डेनिस वॉर्ड यांनी १३ एप्रिल २०२१ रोजी थकीत वेतन आणि पेन्शनचा हक्क परत मिळवून दिला. बेड्या घातलेल्या माणसाचा गळा आवळणाऱ्या सहकाऱ्याला आपण अडवले आणि त्यापायी आपली नोकरी गेली, असे ही कृष्णवर्णीय अधिकारी सुरुवातीपासून सांगत आली होती. तिचे म्हणणे खात्याने फेटाळले, पुढे न्यायालयानेही फेटाळले. २०२१ मध्ये तेच म्हणणे ग्राह्य धरले गेले. मधल्या काळात २००६ च्या त्या घटनेविषयी कोणताही खळबळजनक पुरावा हाती लागला नव्हता. बदलले होते ते शहराचे मत आणि शहराचा कायदा. हा बदल कसा घडला, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

अमेरिकी पोलीस दलांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा शिरकाव फार उशिरा आणि फार सावकाश झाला. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्जिया अॅन रॉबिन्सन १९१६ पासून बिनपगारी काम करत होत्या आणि १९१९ मध्ये त्यांना अधिकारी म्हणून नेमण्यात आले. देशातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला पोलीस अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. कैद्यांमधील भांडण सोडवताना डोक्याला मार बसून त्यांची दृष्टी गेली आणि १९२८ मध्ये त्यांची सेवा संपली. पुढची कित्येक दशके पोलीस दलातील स्त्रियांना मुले, स्त्री कैदी आणि हरवलेल्या मुली यांच्यापुरतेच काम मिळत राहिले. नोकरीतील भेदभावाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा १९७२ मध्ये राज्य आणि स्थानिक सरकारांच्या नोकऱ्यांना लागू झाला, तेव्हा कुठे गस्तीच्या गाडीत स्त्रिया दिसू लागल्या. अटलांटात बेव्हर्ली हार्वर्ड पोलीसप्रमुख झाल्या त्या १९९४ मध्ये. मोठ्या अमेरिकी शहराच्या पोलीस दलाची सूत्रे कृष्णवर्णीय स्त्रीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

बफलोचा इतिहास याहून वेगळा नाही. शहराच्या पोलीस आणि अग्निशमन दलांतील भरतीत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि स्त्री उमेदवारांना डावलले जाते, असा निष्कर्ष केंद्रीय न्यायाधीश जॉन कर्टिन यांनी १९७८ मध्ये काढला होता, आणि त्यानंतरची भरती न्यायालयाच्या देखरेखीखाली झाली. हॉर्न पोलीस दलात दाखल झाल्या त्या यानंतर, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. दार उघडले ते न्यायालयाने ढकलल्यामुळे. आत आधीपासून असलेल्या माणसांच्या सवयी आणि त्यांची एकमेकांशी असलेली बांधिलकी मात्र तशीच राहिली होती.

१ नोव्हेंबर २००६ रोजी बफलोतील एका घरगुती वादाच्या ठिकाणी नील मॅक या कृष्णवर्णीय गृहस्थांना अटक होत होती. मदतीची हाक आल्यावर हॉर्न तेथे पोहोचल्या. मॅक यांच्या हातात बेड्या पडल्यानंतर ग्रेगरी क्वियाटकोव्स्की या गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांचा गळा आवळला, असे हॉर्न सांगतात. त्यांना श्वास घेता येत नव्हता, म्हणून आपण क्वियाटकोव्स्की यांचा हात ओढून पकड सोडवली, असे हॉर्न यांचे म्हणणे आहे. त्यावर क्वियाटकोव्स्की यांनी हॉर्न यांच्या तोंडावर ठोसा मारला आणि त्यांच्या दातांना इजा झाली, असेही त्या सांगतात. क्वियाटकोव्स्की यांनी गळा आवळल्याचा आरोप कायम नाकारला.

चौकशी झाली ती हॉर्न यांची. सहकाऱ्याच्या कामात अडथळा आणून त्याला धोक्यात घातल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. चार दिवसांचे निलंबन मान्य करून प्रकरण मिटवण्याचा पर्याय त्यांच्यापुढे होता. चाकोरीतल्या कोणत्याही कर्मचाऱ्याने तो मुकाट्याने पत्करला असता, कारण चार दिवसांच्या पगारापलीकडे काही गमवावे लागले नसते. पण ते निलंबन स्वीकारणे म्हणजे आपण चूक केल्याची कबुली देणे, असे मानून हॉर्न यांनी नकार दिला. मे २००८ मध्ये त्या बडतर्फ झाल्या. तोवर त्यांची १९ वर्षे सेवा झाली होती आणि पूर्ण पेन्शनसाठी २० वर्षे लागत. पदरात मुले असलेल्या बाईसाठी त्या एका वर्षाची किंमत काय, हे सांगायला नको. पुढे त्यांनी मालमोटार चालवली आणि आर्थिक ओढाताणीत दिवस काढले. क्वियाटकोव्स्की यांनी त्यांच्यावर आणि त्यांच्या वकिलांवर मानहानीचा दावा लावला आणि तो जिंकलाही.

क्वियाटकोव्स्की यांना २००८ मध्ये लेफ्टनंटपदावर बढती मिळाली होती. पुढच्याच वर्षी ताब्यात घेतलेल्या चार कृष्णवर्णीय मुलांवर त्यांनी बळाचा वापर केला. २०११ मध्ये ते निवृत्त झाले. २००९ च्या त्या घटनेबद्दल केंद्रीय न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये त्यांना चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. या शिक्षेने २००६ च्या त्या घटनेत नेमके काय घडले हे सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही हॉर्न यांना खोटे ठरवताना ज्या माणसाच्या शब्दाला वजन दिले गेले, त्याच्या कारकिर्दीचा शेवट हा असा झाला.

सहकारी अत्याचार करत असताना बघत उभे राहणे हा दोष आहे, ही कल्पना अमेरिकी कायद्यात नवी नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या टोळ्यांना आवर घालण्यासाठी १८७१ मध्ये नागरी हक्कांचा एक कायदा झाला आणि सरकारी अधिकाऱ्याने हक्क हिरावल्यास त्याच्यावर दावा लावण्याची सोय झाली. त्याच्याच आधारे शिकागोच्या केंद्रीय अपील न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितले की, इतर पोलीस मारहाण करत असताना ती थांबवणे शक्य असूनही न थांबवणारा अधिकारीही जबाबदार ठरतो. मात्र ही जबाबदारी नुकसानभरपाईच्या दाव्यापुरती होती, आणि अडवणाऱ्याला पुढे नोकरीत काय भोगावे लागेल, याविषयी ती काहीच सांगत नव्हती.

गळा आवळण्याच्या पकडीचेही तसेच. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पकडीवर बंदी घालण्याची अर्जदाराची मागणी ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी विरोधी मतपत्रात नोंदवले की, त्या शहरात १९७५ पासून या पकडीनंतर किमान १६ जण दगावले आणि त्यांपैकी १२ कृष्णवर्णीय पुरुष होते. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने १९९३ मध्ये स्वतःच्या नियमांत ही पकड निषिद्ध ठरवली. तरी २०१४ मध्ये स्टेटन आयलंडवर एरिक गार्नर यांचा मृत्यू अशाच पकडीत झाला. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडून रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला झालेल्या मारहाणीनंतर नेमलेल्या ख्रिस्तोफर आयोगाने एकमेकांना पाठीशी घालण्याच्या अलिखित संकेतावर नेमके बोट ठेवले होते. अहवाल येत राहिले, नियम छापले जात राहिले.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर डेरेक शोव्हिनने गुडघा दाबून धरला, तेव्हा तेथे आणखी तीन अधिकारी हजर होते आणि सहकाऱ्याला रोखण्याचा नियम त्या शहरात २०१६ पासून लागूही होता. तिघांपैकी दोघे नुकतेच भरती झालेले. थॉमस लेन याने फ्लॉइड यांना कुशीवर वळवायचे का, असे दोनदा विचारले; शोव्हिनने नकार दिला आणि विषय तेथेच थांबला. दुसरा नवखा अलेक्झांडर कुएंग याला तर प्रशिक्षण देणारा अधिकारी शोव्हिनच होता. ज्याच्या शेऱ्यावर आपली नोकरी अवलंबून, त्याचा हात धरायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत नव्हते. हॉर्न यांच्या प्रकरणाचे मर्म मला येथे दिसते. १९ वर्षांच्या सेवेनंतर हात धरणाऱ्या अधिकाऱ्याची गत काय झाली, हे पाहिल्यावर काही दिवसांच्या शिपायाने गप्प राहणे पसंत केले, तर त्याला केवळ भित्रा म्हणून मोकळे होता येत नाही. अर्थात न्यायालयाने त्याला सूट दिली नाही: २०२२ मध्ये तिघेही केंद्रीय न्यायालयात दोषी ठरले, आणि त्यांपैकी कुएंग व तिसरा अधिकारी टू थाओ यांच्यावरील दोषारोपांत शोव्हिनला न रोखणे हाही होता.

फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर निदर्शने उसळली आणि हॉर्न यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. त्याच सुमारास बफलोने स्वतःच्या पोलिसांचे एक दृश्य पाहिले. ४ जून २०२० रोजी मार्टिन गुजिनो या ७५ वर्षांच्या निदर्शकाला पोलिसांनी ढकलले. ते मागे कोसळले आणि कानातून रक्त वाहू लागले. एक अधिकारी त्यांच्याकडे वाकला, पण दुसऱ्याने त्याला ओढून पुढे नेले. ढकलणाऱ्या दोघांना निलंबित केले गेल्यावर त्यांच्या विशेष तुकडीतील ५७ अधिकारी निषेध म्हणून तुकडीतून बाहेर पडले.

पोलीस दलातून गेल्यापासून हॉर्न हस्तक्षेपाच्या सक्तीचा कायदा मागत होत्या. शहराच्या कॉमन कौन्सिलने सप्टेंबर २०२० मध्ये तो मंजूर केला आणि महापौर बायरन ब्राउन यांनी पुढच्या महिन्यात त्यावर सही केली. ‘कॅरिओल्स लॉ’ हे त्याचे नाव. अवाजवी बळाचा वापर दिसल्यास अडवणे हे या कायद्याने प्रत्येक अधिकाऱ्याचे कर्तव्य झाले. खरे महत्त्व पुढच्या तरतुदींना आहे: अडवणाऱ्यावर सूड उगवण्यास मनाई झाली, आणि पूर्वी अशाच कारणाने शिक्षा भोगलेल्यांना दाद मागण्याची वाट मोकळी झाली. मागच्या घटनांनाही हात घालणारी ही तरतूद नसती, तर हॉर्न यांच्या नावाने झालेल्या कायद्याचा खुद्द हॉर्न यांना काडीचाही उपयोग झाला नसता.

वॉर्ड यांनी निकाल देताना फ्लॉइड आणि गार्नर यांचा उल्लेख केला. शहराने आपली चूक ओळखली आहे आणि न्याय उशिरा का होईना मिळवून देण्याचे साधन होणे एवढे तरी न्यायव्यवस्थेला करता येते, असा त्यांचा आशय होता. बडतर्फी योग्य ठरवणारा आधीचा निकाल त्यांनी रद्द केला आणि ऑगस्ट २०१० पर्यंतचे वेतन देय ठरवले, म्हणजे २० वर्षांची अट कागदोपत्री पूर्ण झाली. बफलोतील तरतुदी इतर शहरांनी आणि राज्यांनीही स्वीकाराव्यात, यासाठी हॉर्न यांनी आपली मोहीम निकालानंतरही सुरू ठेवली.