ई-श्रमचं कार्ड वेगळं, पिण्याच्या पाण्याचा हक्क वेगळा

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राचे चारही लेबर कोड (कामगार संहिता) लागू झाले, तेव्हापासून नागपुरात बर्डीपासून वाडीपर्यंत डिलिव्हरीवाल्या पोरांकडून एकच वाक्य ऐकतोय, 'आता गिग वर्कर कायद्यात आला, म्हणजे पाणी द्यावंच लागते.' नाही भाऊ, तसं नाही. गिग वर्कर, म्हणजे अ‍ॅपवरून एकेक काम उचलणारा, कायद्यात आला हे खरं, पण कोड चार आहेत, आला कोणत्यात ते बघा ना.

आला तो सामाजिक सुरक्षा संहितेत. ती बहुतेकांना माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगतो: अ‍ॅप कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत टाकायचे, त्यातून विमा, आरोग्य, म्हातारपणाच्या योजना. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नाव टाकलं नसेल तर आजच टाका. पण या संहितेत कामाच्या जागी प्यायला पाणी देण्याबद्दल गिग वर्करसाठी काहीच नाही.

पाणी आहे दुसऱ्या संहितेत, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीवाल्या. कलम २३, पिण्यायोग्य पाणी ही मालकाची जबाबदारी, साधारण दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत. आणि ही जबाबदारी 'कर्मचाऱ्या'साठी आहे, गिग वर्कर हा शब्द या संहितेत नाहीच. सगळे अडकतात ते इथंच.

माझा मावसभाऊ वाडीच्या एका गोडाऊनवर छोटा हत्ती चालवतो, ठेकेदाराकडून पगारावर. मे महिन्यात लोडिंगच्या लायनीत तीन तास उभा, वॉटर कूलर गेटच्या आत, गार्ड म्हणे ते स्टाफचं आहे, मग यानं टायर धुवायच्या नळावर बाटली भरली, तर पाणी इतकं तापलेलं की बाटली हातात धरवत नव्हती. त्याच गेटवर, त्याच उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून एक अ‍ॅपवाला पोरगा बाईकवर पार्सलची वाट बघत उभा होता. तहान दोघांचीही तीच, पण कायद्याच्या लेखी हे दोघं एक नाहीत. भाऊ कंत्राटी कामगार आहे, आणि जिथं ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार आहेत तिथं याच संहितेचं कलम ५३ सरळ सांगते की पाण्याची सोय मूळ मालकानं, म्हणजे गोडाऊनवाल्यानं करायची, 'ठेकेदाराला विचार' हे उत्तर चालत नाही. ५० च्या खाली असाल तर पहिले ठेकेदारालाच धरा, तुमचा मालक तोच. त्या पोराला मात्र कंपनी 'पार्टनर' म्हणते (या शब्दाची मला मनापासून चीड आहे) आणि तो पार्टनर आहे तोवर कलम २३ त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो खरं तर नोकरच आहे हे सिद्ध करता येईल, कामावर कंट्रोल कोणाचा यावरून, पण ते कोर्टाचं काम आहे आणि ऊन आज आहे. मला हे साफ चूक वाटते. मागणी करायचीच तर 'गिग वर्करला कलम २३ मध्ये घ्या' अशी नेमकी करा.

आता तक्रार कुठं. महानगरपालिकेकडे नाही, तिचं काम वस्तीच्या नळाचं. ई-श्रम केंद्राचं आहे, तिथं नोंदणी होते, गोडाऊनच्या कूलरची तक्रार तिथं लिहून उपयोग नाही. खाजगी गोडाऊन, कुरिअर हब, दुकान यांचं पाणी राज्याच्या कामगार विभागाकडे, आणि हिंगणा किंवा बुटीबोरीत कारखान्याच्या आत माल उतरवत असाल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. आणि २५० पेक्षा जास्त कामगार असले की उन्हाळ्यात गार पाणी, हे जे सगळे फॉरवर्ड करतात, तो १९४८ च्या कारखाना कायद्यातला नियम होता, तो कायदा या संहितेनं रद्द केला, गोडाऊनच्या गेटवर दाखवू नका.

अर्जात 'पाणी मिळत नाही' एवढंच नका लिहू. ठेकेदाराचं नाव, गेटवर किती वेळ थांबवलं आणि कूलर कुठं आहे ते लिहा, सोबत गेटपासची झेरॉक्स लावा, कारण तुम्ही तिथं कामावर होता याचा कागद तोच.