वादळांचे संगणकीय प्रतिमानन (विदर्भाच्या संदर्भात)

हवेचा दाब, तापमान, बाष्प व वारा यांची समीकरणे संगणकावर टप्प्याटप्प्याने सोडवून गडगडाटी वादळ, गारपीट किंवा चक्रीवादळ यांची वाटचाल काढणे व ती चित्ररूपात दाखविणे (दृश्यांकन).

या पद्धतीचा उगम बहुधा नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म बियर्कनेस यांच्या १९०४ मधील लेखात मानतात. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ क्लीव्हलंड ॲबी यांनी १९०१ मध्येच तसा विचार मांडल्याने काहीजण अग्रमान त्यांना देतात. मात्र आधी निरीक्षणांतून वातावरणाची आरंभस्थिती ठरवायची व मग पुढची स्थिती गणिताने काढायची, ही मांडणी बियर्कनेस यांच्याकडे अधिक स्पष्ट आहे. ब्रिटिश गणितज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या दिवसासाठी हाताने केलेल्या गणितात (प्रसिद्धी १९२२) सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने चढला. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. मूळ दोष समीकरणांत नसून आरंभीच्या नोंदींतील असमतोलात होता, असे पुढे दिसून आले. संगणकावरील पहिले अंदाज १९५० मध्ये एनियाक या आरंभीच्या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगणकावर निघाले. एकेका वादळी ढगाचे त्रिमितीय प्रतिमान मात्र १९७८ च्या सुमारास, क्लेम्प व विल्हेल्मसन या संशोधकांच्या कामातून स्थिरावले. विल्हेल्मसन यांच्याच गटाने १९८९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात केलेले वादळाचे चलच्चित्र दृश्यांकनातील टप्पा समजले जाते.

विदर्भात प्रश्न मुख्यतः गारपिटीचा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागराकडील दमट हवा व वायव्येची कोरडी हवा येथे भिडते. वरच्या थरात गारवा असला की ढग झपाट्याने उंच वाढतात. नेमका तेव्हाच गहू-हरभरा काढणीला आणि संत्र्याचा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) झाडावर असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली व मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ ही अंदाजप्रणाली सुमारे ६ किमी जाळीवर चालते. म्हणजे ३६ चौ. किमीची एक चौकट. तीत चार-दोन गावांची शिवारे एकाच आकड्यात येतात. गारांचा पट्टा पुष्कळदा याहून अरुंद असतो, त्यामुळे एका वावरात सडा आणि धुऱ्यापलीकडे कोरडे, हा भेद प्रतिमानात उमटत नाही. रंगीत नकाशा पाहणाऱ्याला तो गावापर्यंत नेमका वाटतो, हा दृश्यांकनाचाच दोष म्हणावा लागेल.

अल्पमुदतीसाठी नागपूरच्या डॉप्लर रडारचा (रेडिओ लहरींनी ढगांतील पाऊस, गारा व त्यांचा वेग टिपणाऱ्या यंत्राचा) आधार अधिक. परंतु अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण २०० किमीवर जमिनीपासून सुमारे ४ किमी उंच जातो; वाशीम, बुलढाण्याकडील ढगांचा तळ त्यामुळे नजरेतून सुटतो.

चक्रीवादळे येथे सहसा क्षीण होऊन, कमी दाबाच्या रूपात पोचतात. सप्टेंबर २०२१ मधील ‘गुलाब’ आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ आले, विरत विरत तेलंगण, विदर्भ व मराठवाड्याच्या बाजूने पश्चिमेकडे सरकले आणि अरबी समुद्रात ‘शाहीन’ म्हणून पुन्हा बळावले. चक्रीवादळाचा डोळा (मधला शांत भाग) व त्याभोवतीची ढगांची भिंत यांवर बेतलेल्या दृश्यांकनाचा अशा वेळी विदर्भापुरता फारसा उपयोग नसतो. पावसाचे व नदीखोऱ्यांचे नकाशेच पाहावे लागतात.