किनाऱ्याचा ८० किलोमीटरचा पट्टा आणि शाळेतला नकाशा

७३° पूर्व रेखावृत्त वाशी आणि ऐरोली या स्थानकांना जवळजवळ चिकटून जाते. डोंगर, पाणी, रस्ते आणि वस्ती तपशिलाने दाखवणाऱ्या स्थलनिर्देशक नकाशांची क्रमांकित पत्रके याच रेषेवर तुटतात, म्हणून ठाणे शहर ४७ ए/१६ या पत्रकावर येते, तर सानपाड्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ४७ ई/४ वर. येथील शाळांत भूगोल शिकलेल्या बहुतेकांनी ही पत्रके विद्यार्थिदशेत कधी हाताळलेली नाहीत. नकाशावाचनाच्या ऑनलाइन साधनांबद्दल येथील शिक्षकांना आज जी आस्था वाटते, तिचा उगम बऱ्याच अंशी या उणिवेत आहे.

देशातील पद्धतशीर सर्वेक्षणाची सुरुवात १७६७ ची आणि त्रिकोणमितीय मोजणीची १८०२ ची. शाळेच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील एक नियम. भूसीमा आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील १:२,५०,००० व त्याहून मोठ्या प्रमाणाची, म्हणजे अधिक तपशिलाची, पत्रके ‘प्रतिबंधित’ ठरवण्यात आली. या पट्ट्यात ठाणे, कल्याण, पनवेल, उरण आणि जवळजवळ अख्खे कोकण येते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र आणि मुंबईची गोदी असताना संरक्षणाची चिंता निराधार होती असे म्हणता येणार नाही. तरीही या नियमाची शैक्षणिक किंमत फारशी कोणी मोजली नाही, आणि ती मोठी होती. समोच्चरेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा), सांकेतिक चिन्हे व खुणा शिकवायच्या तर घाटमाथ्यापलीकडची पत्रके घ्यावी लागत. त्यांवर विहिरी, पाझर तलाव आणि कोरडे ओढे मुबलक दिसत, पण खाडीचा चिखलपट्टा, खारफुटी, मिठागरे आणि भरतीची मर्यादा यांपैकी काहीच नसे. ज्या मुलांच्या घरामागे खारफुटी होती, त्यांना तिची खूण नकाशावर कशी दाखवतात हे दाखवायला पत्रकच नव्हते.

२००५ च्या मे महिन्यातील राष्ट्रीय नकाशा धोरणाने पत्रकांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. हा निर्णय योग्य दिशेचा असला तरी अर्धवट होता, कारण खुल्या मालिकेलाही संरक्षण खात्याच्या संमतीची अट होती आणि पत्रके हळूहळूच बाहेर येत गेली. त्याच वर्षी गूगल अर्थ आले आणि ठाण्याच्या खाडीची उपग्रह-प्रतिमा सायबर कॅफेत बसलेल्या कोणालाही दिसू लागली. २००४ मध्ये सुरू झालेला, कोणालाही भर घालता येणारा ऑनलाइन नकाशा ओपनस्ट्रीटमॅप आणि २००९ मध्ये आलेले इस्रोचे देशी नकाशा-संकेतस्थळ ‘भुवन’ यांनी ही वाट आणखी रुंद केली. शाळेला ज्या भूभागाचे पत्रक मिळत नव्हते, तो भूभाग पडद्यावर मोकळा झाला होता, आणि शिक्षक पडद्याकडे वळले ते त्यामुळेच. खुल्या मालिकेची पत्रके २०१७ पासून आधार क्रमांकाच्या नोंदणीवर विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यासाठी व वापरण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक पूर्वपरवानग्या काढून टाकल्या. देशाची बाह्यसीमा चुकीची दाखवण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची १९६१ च्या कायद्यातील तरतूद मात्र कायम राहिली. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरचा भारताचा नकाशा वर्गात दाखवण्यापूर्वी त्याची उत्तर सीमा तपासून घेणे भाग पडते.

जिल्ह्याच्या सीमेबाबतही अशीच सावधगिरी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेले ठाणे दाखवणारे आराखडे आंतरजालावर अजून सापडतात.

पत्रके मिळू लागली, तसा ‘प्रमाण’, म्हणजे नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील अंतर यांचे गुणोत्तर, हा शब्द नव्याने अडचणीचा झाला. बृहद्‌प्रमाण म्हणजे लहान प्रदेश मोठा करून दाखवणे, ही मुलांना मुळातच उलटी वाटणारी गोष्ट आहे. पडद्यावर तर बोटांनी चित्र ताणले की प्रमाण बदलते, आणि कोपऱ्यात १:५०,००० असे छापलेले असले तरी त्या अंकाला अर्थ उरत नाही. उतरवून घेतलेल्या पत्रकाचेही तसेच होते. १:५०,००० च्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि येथील पत्रकाची मूळ चौकट सुमारे ५५ बाय ५२ सेंटिमीटरची असते. ती शाळेच्या प्रिंटरवर साध्या ए-४ कागदावर छापली की लांबी-रुंदीने मूळच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी उरते. ठाणे आणि बेलापूर या स्थानकांमधले सरळ अंतर १९ ते २० किलोमीटर आहे. मूळ आकारातील दोन्ही पत्रके ७३ अंशाच्या कडेवर जोडली, तर ते सुमारे ३९ सेंटिमीटर भरते. आखडलेल्या प्रतींवर १५ सेंटिमीटरही भरत नाही, आणि अंकप्रमाणावर, म्हणजे छापील १:५०,००० या आकड्यावर, विसंबलेल्या मुलाचे उत्तर सात किलोमीटरच्या आसपास येते. रेषाप्रमाणाची, म्हणजे नकाशावरच किलोमीटरच्या खुणांनी छापलेली, पट्टी मात्र नकाशाबरोबरच आखडते. म्हणून पत्रके जोडायला देताना त्या पट्टीची कागदी नक्कल कापून घ्यायची आणि अंतर तिनेच मोजायचे, ही कागदी नकाशांच्या काळातील जुनी रीत वर्गात पुन्हा वापरावी लागते.